वीस मिनिटं

पाकळ्याच नसतात या फुलाला.
नुसतं पिवळं बोंड, माथ्यावर तांबडा ठिपका,
कुणीतरी डोळा उघडा ठेवून झोपल्यासारखं.
आई त्याला जांबू म्हणते, मी कागदावर लॅटिन लिहिते,
दोघींचं पोट त्यावरच चालतं.

बेलेमच्या बाजारात मासळीच्या ओळी संपतात
आणि मुळ्या-सालींच्या सुरू होतात, त्या कोपऱ्यावर
बसते ओस्मारीना, माझी आई.
समोर चाळीस बाटल्या, आत उसाची दारू,
दारूत बुडालेली बोंडं.
पहाटे होड्या लागतात.
गाल सुजलेली माणसं उतरतात, फडकं बांधलेली,
माराजो बेटावरून रात्रभर कण्हत आलेली.
ती म्हणते, आ कर.
कापसाचा बोळा, दोन थेंब, किडक्या दाढेवर दाब.
आधी मुंग्या, मग लाळ, मग
तोंडात दाढच नाही असं वाटणं.
"वीस मिनिटं," ती बजावते,
"तेवढ्यात दवाखाना गाठ, पलीकडच्या गल्लीत.
दुखणं गेलेलं नाही,
जरा पाय मोकळे करायला गेलंय."

आरोग्य खात्याचा माणूस आला एकदा,
म्हणाला, लेबलावरचा 'औषध' शब्द खोडा.
तिनं खोडला. त्याच्याच पेनानं.
आता लिहिलंय: फूल घातलेली दारू.
पर्यटक घेतात, ओठ बधिर झाले की खिदळतात,
एकमेकांचे फोटो काढतात.
त्यांना ती तिप्पट भाव लावते.
दाढदुखीवाल्याकडून कधी एक अंडं घेते,
कधी तेही नाही.

मी विद्यापीठात, तिसऱ्या मजल्यावर.
सत्तर टक्के अल्कोहोल, तीस टक्के पाणी,
बहात्तर तास अंधारात, मग गाळणं,
मग काचेचा गोल फुगा गरम पाण्यात फिरत राहतो
आणि अल्कोहोल उडून जातं, काही न बोलता.
तळाशी उरतो चिकट, हिरवट-काळा लगदा.
आलेखावर एक सुळका. सुळक्याला नाव आहे, सूत्र आहे.
उंदरांचे पंजे त्यानं किती वेळ गप्प राहतात
याची वही आहे.
दारू बोंडातून नेमकं काय काढून घेते
ते मला सांगता येतं.
बोंडात ते कशाला आलं, असं विचाराल
तर मीही आईसारखे खांदे उडवते.

चव घेऊ नये, असा नियम आहे भिंतीवर,
मीच चिकटवलेला.
काल सगळे गेल्यावर घेतली.

मुंग्या. लाळ. मग जीभ नाहीशी.
आणि समोर उभं राहिलं ते स्वयंपाकघर,
ज्या संध्याकाळी एदिनाल्दोची होडी
एदिनाल्दोशिवाय परत आली.
बायका रडत होत्या, शेजारीण छाती पिटत होती,
आई कोपऱ्यात, तोंड मिटून,
हनुवटीवरून लाळ गळत होती तिच्या.
मला वाटलं, भावापाठोपाठ आईही गेली, वेडात.
मी नऊ वर्षांची.
चुलीपाशी पाच-सहा देठ पडले होते,
बोंडं नसलेले.

फोन लावला. म्हणायचं होतं एक,
तोंडातून आलं भलतंच, ओल्या फडक्यासारखं.
ती ऐकत राहिली.
मग म्हणाली, "दुपारी खुडलीस ना?
दुपारची बोंडं अशीच, अर्धवट चढतात.
'र' अजून येतोय तुला.
पहाटे खुड, दव असताना.
आणि उसाचीच घाल,
तुझं ते दुकानातलं पाणी नको."
मी म्हणाले, आई, त्या दिवशी, एदिनाल्दोच्या...
की नुसतंच 'आ' म्हणाले, मला कळलं नाही.
तिकडे बाजार आवरत होता,
बाटल्या खोक्यात एकमेकींवर वाजत होत्या.
"वीस मिनिटं थांब," ती म्हणाली, "मग बोल."

घड्याळाकडे बघत बसले.
सतराव्या मिनिटाला जिभेचं टोक परत आलं,
आधी दाताची धार,
मग थोडं मीठ.