मानशीचं दार

पणजीत, पाटोवर, तिसऱ्या मजल्याच्या थंडाव्यात
मी नदी केली होती.
ब्राउझर उघडला की स्क्रीनभर पाणी. बटण एकही नाही.
बोटानं वर ओढलं की भरती,
खाली लोटलं की सुकती,
चिमटीत धरलं की चंद्र,
आणि चंद्राच्या पोटात, शोधलाच तर,
उद्याचा तक्ता.
साहेब म्हणाले, असं अजून कुणी केलेलं नाही.
मला ते कौतुक वाटलं.

चोडणच्या बांधावर इनास मानशेकार वाट बघत होता.
त्याचं काम एवढंच :
दार कधी उघडलं, कधी मिटलं,
बांध कुठे खेकड्यांनी पोखरला,
ते शेतकरी संघाला कळवायचं.
आजवर वहीत लिहायचा. वहीला चिखल चालायचा.

त्यानं अंगठा अर्ध्या पँटीला पुसला, टेकवला.
पाणी हललं. खूश झाला.
परत टेकवला. परत हललं.
मग मी सांगितलेलं आठवत आठवत
कडेची होडी दाबली, ती नुसती शोभेची होती.
मग तडा गेलेल्या काचेवर नखानं टकटक केलं,
शेजाऱ्याचं दार वाजवावं तसं.
चंद्र काही सापडला नाही.
"म्हजेंच चुकलें गो बाय," म्हणाला,
"म्हजीं बोटां जाड."

सात महिने खपून केलेली माझी चूक
त्यानं एका मिनिटात स्वतःच्या नावावर करून घेतली.

चल, म्हणाला, दार दाखवतो.
मानस म्हणतात त्याला. मनाशी काही नातं आहे का,
विचारायचं राहिलं.
जांभ्या दगडाची चौकट, वरच्या अंगाला बिजागरी,
खाली लोंबती जाड फळी.
नदी चढली की तिच्याच रेट्यानं मिटते,
नदी उतरली की आतलं पाणी खांदा लावून उघडतं.
कडी नाही. 'इथे ढकला' अशी पाटी नाही.
खारं पाणी निरक्षर, गोडंही निरक्षर,
आणि पिढ्यान् पिढ्या दोघांनी
एकदाही कुणाला विचारलेलं नाही.

इथूनच मागे फिरले असते
तर 'जुनं ते सोनं' पदरात बांधून फेरी पकडली असती.
पण फळीला सायकलची घंटी होती,
निळ्या सुतळीनं बांधलेली,
गाठ अशी की जाळं विणणाऱ्यालाच सुटावी.
"ही कुणाची?"
"म्हजी," लाजला.
रात्री दार हललं की वाजते. झोपेतच कळतं,
सुकती लागली, जाळं लावायला उठायचं.
बापाला सुचलं नव्हतं. आज्याला सुचलं नव्हतं.
पाणी आपलं ये-जा करतंय,
त्याला घंटीचा पत्ताही नाही.

परतीच्या फेरीत, स्कूटरच्या सीटवर लॅपटॉप ठेवून,
मी चंद्र काढला.
दोन बटणं : उघडलं. मिटलं.
मापाला अंगठा घेतला, चिखलासकट.
तिसऱ्यावर खेकडा.
रेंज गेली तर लिहिलेलं पोटात ठेवायचं,
आली की पाठवायचं.
आणि दार वेळेवर हललं नाही,
तर एक घंटी, सायकलचीच.
साहेब म्हणाले, ही बटणं तर कुणीही केली असती.
घंटी त्यांनी ऐकलीच नाही.

अमावास्येला पुन्हा गेले.
इनास दाबत होता, माझ्याकडे न बघता,
जाळ्यातली कोळंबी निवडता निवडता.
मग थांबला.
"तें उदक हालतालें न्हय? तें खंय गेलें?
बरें दिसतालें."

त्या रात्री बटणांच्या मागे, अगदी फिकट,
पाणी परत सोडलं.
फार काही करत नाही ते.
अंगठा टेकला की एक वलय उठतं
आणि कळतं,
लागला.