काटा

आठ दिवसांत नेतो काका, म्हणाला होता
वरच्या खोलीतला पोरगा,
परीक्षा संपवून नांदेडला जाताना.
गादी गेली टेम्पोतून, कूलर गेला,
काचेची पेटी राहिली, आत एक नारिंगी मासा.
त्याला आता दीड वर्ष झालं.

सोमवारी बघतो तर मासा आडवा.
पोट वर, एक डोळा छताकडे.
मेला म्हणून हात घातला तर शेपटी हलली
आणि माझ्या बोटांची हळद पाण्यात उतरली,
उदबत्तीच्या धुरासारखी.
एकतीस वर्षं तोलार आहे मी सांगलीच्या यार्डात.
साबण लावा, रॉकेल लावा,
नखाच्या मुळातून ती जात नाही.

विश्रामबागच्या दुकानातला पोरगा
मोबाइलमधून मान न काढता म्हणाला,
पोटातला फुगा बिघडलाय त्याच्या.
टाकून द्या. नवा साठ रुपयाला.
साठ रुपयांत आजच्या भावानं
राजापुरी किती ग्रॅम बसते
याचा हिशेब होऊनही गेला माझ्या डोक्यात.
सवय वाईट.
मग म्हटलं, औषध सांग.

तीन दिवस खायला घालू नका.
मग एक वाटाणा, उकडून, साल काढून.
आणि मीठ, लिटरला एक ग्रॅम,
जास्त झालं तर माझ्या नावानं ओरडू नका.

थोरली बहीण, आक्का, ऐकून हसली.
भादव्यात दहा दिवस पाण्यावर काढणारी बाई ती.
म्हणाली, हे कसलं औषध जिनगोंडा,
हा तर उपवास झाला.
पण दिवस बुडायच्या आत आम्ही जेवायला बसलो
तेव्हा तिनं पाट फिरवला,
पेटीकडे पाठ करून जेवली.
तिन्ही दिवस.

मी पोत्यांचा माणूस.
वीस ग्रॅम म्हणजे माझ्याकडे झाडून टाकायची धूळ.
पेठेत पोतदाराकडे गेलो, सोन्याचा काटा मागितला.
पुतणीचं जमलं वाटतं, म्हणाला.
मीठ तोलायचंय, म्हटलं.
त्यानं काटा दिला,
आणि मी वळेपर्यंत माझ्याकडे बघत राहिला.

माशात काटा असतो म्हणतात.
आमच्या घरात तो कधी आला नाही,
मला ठाऊक काटा एकच.

चौथ्या दिवशी वाटाणा.
साल निघाली, आत दोन डाळ्या,
एकीचा अर्धा, अर्ध्याचाही अर्धा.
बोटांना दुधाची पिशवी गुंडाळली, हळद उतरू नये म्हणून,
आणि धरला त्याच्या तोंडापाशी.
घेतला. थुंकला.
माझे गुडघे भरून आले.
घेतला.

रात्री पोराला फोन लावला.
आधी ओळखलंच नाही त्यानं.
मग म्हणाला, काका, तो अजून आहे?
आहे, म्हटलं. तोल गेलाय जरा.
पलीकडे कुणीतरी त्याला जेवायला हाक मारत होतं.

आज नववा दिवस.
अजून डावीकडे कलतो.
पंख मारतो, सरळ होतो,
परत कलतो.
सकाळी सौदे सुरू व्हायच्या आधी
मोकळा काटा असाच हलत असतो वाऱ्यानं.
मी समोर बसतो, मांडीवर हात ठेवून.
नवीन पोरं घाई करतात, बोटानं धरायला जातात.
त्यांना सांगतो,
हात लावला की वजन खोटं येतं.