मीटरचे साडेसात

मार्चच्या शेवटच्या रविवारी
मी घरातली सगळी घड्याळं तासभर पुढे ढकलली :
ओव्हनचं, भिंतीवरचं,
निरंजनच्या मनगटावरचं, तो झोपेत असताना.
जिन्याखालच्या कपाटातलं मीटर तेवढं राहिलं.
ते ऐकत नाही कुणाचं.

रात्री साडेबारा ते सकाळी साडेसात वीज स्वस्त,
असं कंपनीचं पत्र. मी साडेबाराला
कपड्यांचं मशीन लावून निजायची.
दोन महिने. मग बिल आलं.

"त्याला उन्हाळा कळत नाही गं,"
शेजारच्या विनिफ्रेड सटक्लिफ म्हणाल्या,
गिरणीत बॉबिनं भरून वाकडी झालेली बोटं
मीटरच्या काचेवर वाजवत.
"सरकार काहीही म्हणो, हे बारा महिने ग्रीनिचचं.
तू दीडला लाव."

कीथलीत जूनमध्ये रात्री दहालाही उजेड रेंगाळतो.
दिवा न लावता मी मेथी निवडते
आणि धरून चालते, काहीतरी वाचलं.
पण एप्रिलमध्ये साडेपाचला उठले की
बाहेर मिट्ट काळोख, पाय गारठलेले,
हीटर, दिवा, किटली, परत हीटर.
वहीत दोन रकाने पाडले.
संध्याकाळ : नऊ युनिट कमी.
पहाट : अकरा जास्त.
खाली रेघ मारली, पेन्सिल कानामागे खोवली
आणि बराच वेळ तशीच बसले.

कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटतं, हे ठाऊक होतं.
इथे कोंबड्यालाच तासभर आधी उठवतात
आणि खात्यावर लिहितात, उजेड जमा.

विनिफ्रेडच्या स्वयंपाकघरात दोन घड्याळं.
एक दवाखान्याच्या, बसच्या, टीव्हीच्या वेळेचं.
दुसरं मीटरचं. बॅसिलने लावून दिलेलं,
तो गेल्यावर फक्त सेल बदलले,
काट्यांना हात नाही.

ऑक्टोबरात उसना तास परत आला
तो पावणेपाचचा अंधार सोबत घेऊन.
त्याच आठवड्यात त्यांना इस्पितळात नेलं.
सकाळी फोन, आवाजात धाप.
"साडेसात झाले का गं?"
कुणाचे? मी विचारलं.
"मीटरचे."

हिवाळ्यात दोन्ही घड्याळं एकच सांगतात,
हे मी बोलले नाही.
झाले, म्हटलं,
आणि किल्ली घेऊन त्यांचा हीटर बंद करायला गेले.
रात्रभर स्वस्त वीज पिऊन
विटा आतून तापलेल्या.
रिकाम्या खोलीत तो दिवसभर
ऊब सोडत राहणार होता.