रिकॉल

लातूरच्या कॉलेजात, तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत
थायमॉलच्या बरणीत साठ दाढा होत्या.
कुणाच्या, ते लिहिलेलं नव्हतं.
मी त्या कापल्या, सहाशे नंबरच्या पेपरवर घासल्या,
आम्ल पंधरा सेकंद, पाणी, फुंकर,
मग बाटलीतला थेंब आणि निळा उजेड.
पाच अंशांत बुडव, पंचावन्नात बुडव,
पाच हजार वेळा.
हे म्हणे तोंडाचे सहा महिने.

यंत्राची पात मिनिटाला एक मिलीमीटर उतरायची.
तोवर मी चहा प्यायचे.
टक्.
एकतीस पूर्णांक चार.
बाटली 'अ' पहिली आली, 'क' शेवटची, एकोणीसवर.
बिडवे सर म्हणाले, आकडे छान आलेत,
आलेख रंगीत काढ.

आता उदगीरला, बसस्टँडमागे, दोन खुर्च्यांचा दवाखाना.
दगडाबाई येतात. बोटाला मिश्री, हिरडीशी खाच,
बोअरच्या पाण्यानं तांबूस झालेलं एनॅमल,
ज्याच्यावर आम्लसुद्धा आधी जरा विचार करतं.
कापूस ठेवेपर्यंत लाळ येते,
जीभ येते बघायला, काय चाललंय.
लाईट जाते.
तेवढ्यात त्या सुनेची गोष्ट पुरी करून घेतात.

त्यांना पहिल्या नंबरची बाटली वापरली होती.
दिवाळीत आल्या, पदराच्या गाठीत
तांदळाएवढं सिमेंट बांधून.
"निघालं की ओ म्याडम. भाकरीबी कडक नव्हती."

रौफ टेलर दातानं दोरा तोडतात.
त्यांच्या पटाशीला 'क' लावली होती,
त्या दिवशी कपाटात तेवढीच होती.
चार वर्षं झाली.
मी आरसा धरते, सुई कडेनं फिरवते:
कड जरा पिवळी, बस्.
यंत्राएवढा जोर ते कधीच लावत नाहीत.
थोडाच लावतात, दुकान उघडल्यापासून बंद होईस्तोवर.

म्हणून 'क' चांगली, असं मी म्हणत नाही.
दोन माणसं म्हणजे अभ्यास नव्हे,
एवढं सरांनी शिकवलंय.
वहीत पंचेचाळीस नावं आहेत. फोन लावते.
बारा नंबर बंद. सात जण पुण्याला, कामाला.
एक जण विचारतो, दुखतच नाही तर येऊ कशाला?
यांच्या रकान्यात काय लिहू?
टिकलं, पडलं,
की माणूसच निसटला?

शटर ओढताना त्या साठ दाढा आठवतात,
बेवारस, बरणीतल्या.
त्यांनी मात्र एकही तारीख चुकवली नव्हती.