निसणा

पहिल्या उन्हाळ्यात खरंच येत नव्हतं मला.
सौनाच्या भिंतीला टांगलेला लांब दांड्याचा विळा
तुझ्या उंचीचा होता, माझ्या नाही,
आणि तू कारेलियात कुठंतरी,
पत्ता म्हणजे नुसता एक आकडा.
मी लिहिलं: तौनो, गवत कापलं जात नाही,
आडवं होतं नि पुन्हा उठतं.

तू तीन पानं धाडलीस.
निसणा ओला ठेव. टाचेकडून टोकाकडे जा.
डोळ्यांनी बघू नकोस, कान दे,
धार लागली की आवाज बारीक होतो.
तिसऱ्या पानावर चार ओळींवर
सेन्सॉरची काळी पट्टी.
विळ्याच्या पत्रात लपवण्यासारखं काय असेल?
दिव्यापुढं धरून पाहिलं.
शाईच्या आड शाईच.

आपण दोघंही लिहिणाऱ्यातले नव्हतो.
लग्नाआधी तुझी एकच चिठ्ठी:
"रविवारी होडी घेऊन येतो."

दुसऱ्या वर्षी शेजारची वेन्ला म्हणाली,
आइली, पुरुषांपेक्षा सरळ पट्टा काढतेस गं.
त्याच रात्री मी लिहिलं:
तौनो, धार टिकत नाही. कुठं चुकतंय?
पुन्हा तीन पानं.
तिसऱ्या वर्षीही.

दुसरं काय विचारणार होते?
बरा आहेस ना, असं विचारलं
की उशिराचा एकेक दिवस
उत्तरासारखा वाटू लागतो.
विळ्याचं तसं नाही. विळा थांबतो.

चौथ्या वर्षी योहानाचा सण उलटला
आणि टपाल बंद झालं.
गवत गुडघ्याला आलं, मग कमरेला.
वेन्ला कुंपणापाशी येऊन उभी राहिली,
काही न बोलता परत गेली.
गाय हंबरत होती.
तुला विचारल्याशिवाय
मी कधी सुरुवात केली होती?

ऑगस्टात इस्पितळाचा शिक्का असलेलं कार्ड.
अक्षर कुणा बाईचं, नीटस, गोल.

"आइली, डाव्या हातानं निसायचं झालं
तर टाचेकडून जायचं की टोकाकडून?
तुला ठाऊक असेल.
दोन वर्षं झाली, तुला सगळं ठाऊक आहे."

उत्तर लगेच दिलं नाही.
विळा काढला, पायरीवर बसले,
निसणा डाव्या हातात घेतला.
उजेड होता अजून.
अंगठा दोनदा कापला.
आवाज बारीक व्हायला
वेन्लाच्या घरचा दिवा विझावा लागला.

मग आत जाऊन लिहिलं. तीन पानं झाली.
तिसऱ्यावरच्या चार ओळी
मीच काळ्या केल्या.