तेरावा

मिरज, रात्रपाळी. तळमजल्यावर लॅब, फ्रिजची घरघर.
जतच्या पलीकडून आलेलं बाळ, वय अकरा दिवस,
नाव अजून नाही. बारसं उद्या होतं.
नाळ गळून पडली, आणि मग
तीन दिवस लंगोट लाल.
हळद दाबून झाली, राख दाबून झाली.

माझे कागद सगळे निर्दोष:
प्लेटलेट अडीच लाख, पीटी ठीक.
रक्त नळीत गोठतंसुद्धा, शहाण्यासारखं.
गोठतं, पण टिकत नाही.

दारात बाप, गुरुलिंग, खताच्या दुकानातला हमाल.
बायको नात्यातली का?
"बहिणीचीच मुलगी. आमच्यात चालतं."

मी गुठळी द्रावणात सोडली. त्यानं बाटलीवरचं वाचलं.
"युरिया? उसाला टाकतात तो?"
तोच.
"रोज चाळीस पोती उचलतो मी."

त्याला कसं सांगावं?
इथं सतारमेकर गल्लीत भोपळ्यावर दांडी बसवतात,
सुतळीनं आवळतात, बघणाऱ्याला वाटतं झालं.
सुतळी म्हणजे जोड नव्हे.
सरस सुकेल तेव्हा जोड.
प्लेटलेट कोंड्यासारख्या क्षुल्लक,
जखमेपाशी अंग टाकतात,
आणि पोटाशी बांधून आणलेला तेरावा घटक
तिथं कामाला लागतो.
तो धागे वळत नाही.
दुसऱ्यांनी वळलेले धागे
एकमेकांना आडवे टाचतो, बस.
मांडव घालणारे जेवायला गेले
की खुंट्या ठोकत फिरणारा एखादा असतो ना, तसा.

"दुष्काळात तेरावा महिना," गुरुलिंग म्हणाला.
जतच्या माणसाला हा आकडा पाठ.
उलटं आहे, म्हटलं.
तुमच्या घरी तेराव्याचाच दुष्काळ.

साडेचारला नळ्या दिव्यासमोर धरल्या.
एकीत माझी गुठळी, तुलनेसाठी घेतलेली,
साबुदाण्याएवढी, चिवट, जागच्या जागी.
दुसरीत
नुसतं पाणी.
मी नळी हलवून पाहिली. दोनदा.

सांगलीहून क्रायोची पिशवी आली सहाला.
"कुणाचं हे?"
नाव लिहिलेलं नसतं.
दुपारी लंगोटावर एक तपकिरी ठिपका, तोही वाळलेला.

दर चार आठवड्यांनी यावं लागेल, डॉक्टरांनी सांगितलं.
गुरुलिंगनं भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं,
बोटाच्या पेरांवर मोजत पानं उलटत गेला,
डिसेंबरपाशी थांबला, पुन्हा पहिल्यापासून मोजलं.
"बाई," तो म्हणाला,
"वर्षाला तेरा खेपा होतात."