टक्के

सिव्हिलची चौदा नंबरची खिडकी, तिसरा बुधवार.
साहेब जेवायला गेलेत. शिक्का कपाटात, चावी त्यांच्या खिशात.
विनीला माझ्या पदराची गाठ सोडते, बांधते, सोडते.
कागदावर लिहिलंय: उजवा कान नव्वद टक्के, डावा शंभर.
एवढे मार्क आमच्या घराण्यात कुणाला पडले नव्हते.

घरात तेलुगू, शेजारी कन्नड, अशोक चौकातल्या शाळेत मराठी,
तिला तिन्ही सारख्याच.
बाई म्हणाल्या, समजत नाही हो तिला, नुसती हसते.
मी म्हटलं, बाई, तुम्ही फळ्याकडं तोंड करून बोलता.
गप्प झाल्या. मग म्हणाल्या, साठ पोरं आहेत मला.
तेही खरंच.

सुट्टीत ती बापाचा डबा घेऊन कारखान्यात जाते.
चोवीस माग धडधडतात, टॉवेल उतरत राहतात,
तिथं कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही.
दोन बोटांची कात्री: धागा तुटला.
अंगठा ओठाशी: चहा.
मिशीवरून फिरवलेलं बोट: मालक आला.
परवा सात नंबरचा माग थांबला,
तिला तळपायातून कळलं,
बापाच्या आधी तिचा हात वर.

साहेब आले. कागदात बघूनच विचारतात, नाव काय बाळ तुझं?
मी काचेवर बांगडी वाजवते.
साहेब, वर बघून बोला. ओठ दिसू द्या तिला.
मागची रांग कुरकुरते. कुरकुरू दे.
ते वर बघतात.
विनीला माझ्याकडं वळून, हळूच,
ओठावरून बोट फिरवते.
साहेबांना वाटतं, मिशीला वरण लागलंय.
घाईनं रुमाल ओढतात,
चावी टेबलावर पडते.